लोहाराची गोधडी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक लोहार राहत होता. मनगट असं, की घण उचलला की ऐरणच दचकावी. दिवसभर तो विळे, कोयते, नांगराचे फाळ घडवायचा. एकदा बायको आठवडाभर माहेरी गेली आणि जाताना अर्धी शिवलेली गोधडी खुंटीवर टाकून गेली. संध्याकाळी रिकामा बसलेला लोहार सहज म्हणून चार टाके घालून बघू लागला. चाराचे चारशे कधी झाले, ते त्यालाही कळलं नाही.

बायको परत आली, तर गोधडी पुरी झालेली. टाके मात्र एक इकडे, एक तिकडे. "अहो, हिच्यावरून गोगलगाय फिरली की काय?" ती म्हणाली. लोहार हसला आणि दुसरी शिवायला घेतली.

तेव्हापासून भट्टी विझली की हात धुऊन तो ओट्यावर बसायचा. चिंध्या जोडायच्या, गुणगुणायचं, टाके घालायचे. दिवसातला तेवढा एक तास त्याचा स्वतःचा होता आणि त्या तासात तो राजासारखा सुखी असायचा.

गाव कशाला गप्प बसतंय? समोरचा तेली तर रोज ठरल्यासारखा यायचा. "लोहारदादा, सुई धरलीसच, आता बांगड्याही भर."

"भरल्या असत्या," लोहार मान वर न करता म्हणायचा, "पण घण मारताना फुटतील." आणि पुढचा टाका घालायचा. लोक हसत राहिले, लोहार शिवत राहिला. असं वर्ष गेलं.

एक दिवस त्या वाटेने राणीची स्वारी चालली होती. घोड्याचा नाल निखळला म्हणून ती लोहाराच्या दारात थांबली. कुंपणावर एक गोधडी वाळत होती. तिच्यावर लोहार मोर करायला गेला होता आणि झाली होती कोंबडी, तीही रागावलेली. राणीला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. लोहाराने ती गोधडी आनंदाने तिला देऊन टाकली.

आठ दिवसांनी राणीचा कारभारी आला, जरीचं पागोटं आणि कापडाचे गठ्ठे घेऊन. "आजपासून तू दरबाराचा मानकरी. दसऱ्यापर्यंत अशाच चाळीस गोधड्या हव्यात. हीच कोंबडी, हेच रंग. फक्त टाके एकसारखे घाल, गव्हाच्या दाण्याएवढे."

गावाने लोहाराला डोक्यावर घेतलं. तेली तर सांगत सुटला, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, याच्या हातात कला आहे."

लोहारही हरखला. माणूस मापाचा, त्याने टाके मोजायला लोखंडाची एक पट्टी घडवली. पट्टी ठेवायची, टाका घालायचा, पट्टी सरकवायची. पहिली गोधडी झाली, दुसरी झाली. तिसरीला त्याला जांभया येऊ लागल्या. पाचवीच्या वेळी तर भट्टी विझवायलाच त्याचं मन होईना, कारण ती विझली की शिवायला बसावं लागणार.

बायको हे बघत होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही शिवताना गुणगुणायचात. हल्ली नुसते आकडे मोजता."

लोहाराने हातातल्या पट्टीकडे पाहिलं. गावाने वर्षभर हसून जे त्याच्याकडून हिसकावलं नव्हतं, ते त्याने एका पागोट्यासाठी आपल्या हाताने देऊन टाकलं होतं. त्याने सुई बाजूला ठेवली. मग उठून त्याने गठ्ठे बांधले.

दुसऱ्या दिवशी तो दरबारात उभा राहिला. "राणीसाहेब, या पाच गोधड्या. सहावी व्हायची नाही."

कारभारी कडाडला, "मान नाकारतोस?"

"कोयते सांगा, फाळ सांगा, चाळीस काय चारशे देईन, तेही मापात. ते माझं काम आहे. गोधडी ही माझी हौस आहे. हुकमाने शिवायला बसलो की ती मरते. मला ती मरू द्यायची नाही."

राणीने पाचवी गोधडी पसरून पाहिली. टाके गव्हासारखे, कोंबडी नीटनेटकी. तिला हसू आलं नाही.

"हा मान पुन्हा मिळायचा नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," लोहार म्हणाला. त्याने पागोटं खाली ठेवलं, मुजरा केला आणि घरची वाट धरली.

गावाने त्याला करंटा ठरवलं. लोहाराने पट्टी भट्टीत घालून तिचं खुरपं केलं आणि चिंध्या घेऊन ओट्यावर बसला. पण गेलेली हौस अशी हाक मारल्यावर येते थोडीच? तीन दिवस बोटं आपली मोजतच राहिली. तरी तो रोज बसला. चौथ्या दिवशी हिरव्यावर भगवं ठिगळ टाकलं आणि हात आपोआप धावू लागला.

बायकोने वाकून पाहिलं. "हा काय, रेडा?"

"घोडा होता," लोहार म्हणाला आणि गुणगुणू लागला.

त्या संध्याकाळी तेली आला. आज टोमणा न मारता तो ओट्याच्या कडेला बसला. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "दादा, लहानपणापासून मला बासरी वाजवावीशी वाटते. या वयात शिकलो तर लोक हसतील का रे?"

"हसतील की," लोहार दोरा ओवत म्हणाला. "चांगले वर्षभर हसतील. तू वाजव."

तात्पर्य: पोटाचं काम दुसऱ्याच्या मापाने करावं लागतं, हौस मात्र आपल्या मनाने करावी. लोक हसले म्हणून ती सोडू नये आणि लोकांनी वाहवा केली म्हणून ती त्यांच्या स्वाधीन करू नये.