अनोमा राहते ते घर

सकाळचे अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

"भंते, विष कुठं आहे ते सांगा. तोवर मी वाढणार नाही."

हे मी बोलले. माझ्या हातात वरणाचा डाव होता. समोर पांढरी चादर अंथरलेल्या खुर्चीवर म्हातारे भंते बसले होते.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"अगं ए प्रणाली! डोकं ठिकाणावर हाय का? भंतेंना उपाशी ठेवतीस?"

पावसाळ्याचे तीन महिने भंते आमच्या वस्तीतल्या विहारात मुक्कामाला होते. रोज एका घरी त्यांचं भोजनदान. त्या दिवशी आमची पाळी होती. भंते दिवसातून एकदाच जेवतात, तेही बारा वाजायच्या आत. बारा वाजून गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही.

पण माझी अनोमा आदल्या दिवशी दवाखान्यातून घरी आली होती.

अकरा महिन्यांची पोर. खालचे दोन दात आलेत, बस. सोमवारी खेळता खेळता तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग उलट्या. मग अंग ढिलं पडलं, हाक मारली तरी बघेना. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतली. सोडताना म्हणाले, "हिच्या पोटात काहीतरी गेलं होतं. घरात शोधा. परत गेलं तर आमच्या हातात काही राहणार नाही."

मी शोधलं. काल घरी आल्यापासून शोधत होते. सापडलं नाही.

आणि ते अजून घरातच होतं. भंतेंना न सांगता सगळं कळतं, असं वस्तीत म्हणतात.

भंतेंनी माझ्या हातातल्या डावाकडं पाहिलं. रागावले नाहीत.

"कुठं कुठं शोधलंस?"

"सगळीकडं."

"सगळीकडं म्हणजे?"

मग मी सांगायला लागले. खरं तर सांगायला मला बरंच वाटत होतं. "भंते, मी सातवीच शिकले, पण घरात येणारा प्रत्येक पुडा वाचते. नाव कळलं नाही तर मोबाइलवर बघते. पुड्यातली हळद बंद केली. प्लास्टिकचे डबे टाकले. तो काळा तवा, ज्याला घावन चिकटत नाही, तो टाकला. तिची पावडर टाकली, रंगीत खेळणी टाकली, डासांची अगरबत्ती टाकली. आमच्या गल्लीत माझ्याएवढं कुणी जपत नाही. कुणालाही विचारा."

"मला इचारा की," आत्याबाई म्हणाल्या. "कोथिंबीर पाच पाण्यानं धुती अन् मग टाकून देती. आता टाकायची मीच तेवढी राहिले. माझा पण रंग उडालाय, भंते."

भंते हसले. त्यांना पुढचे दात नव्हते.

घड्याळ टिकटिक करत होतं. भात झाकलेला होता. मेथीचा वास घरभर पसरला होता.

"अनोमा कुठं राहते?" भंतेंनी विचारलं.

"इथंच की, भंते. याच घरात."

"इथं तू राहतेस."

...

"ती कुठं राहते?"

मला वाटलं, वय झालंय, बोलण्यात काहीतरी चुकतंय. मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. अनोमा खाली फरशीवर बसून वाटी आपटत होती.

भंतेंनी काठी भिंतीला टेकवली. चीवर वर खोचलं. खुर्चीचा हात धरून ते हळूहळू खाली आले. आधी एक गुडघा. मग दुसरा. मग दोन्ही तळहात फरशीवर टेकवले.

आमच्यात भंतेंचं आसन सगळ्यांपेक्षा उंच असतं. ते वर, आपण खाली. लहानपणापासून हेच शिकवलेलं. भंते खुर्चीवर असले तर आपण सतरंजीवर बसायचं.

आता भंतेच जमिनीवर. मग आम्ही कुठं जायचं?

"भंते! अहो भंते, उठा! काय करताय?" आत्याबाई ओरडल्या.

भंते उठले नाहीत. आत्याबाईंना काय सुचलं कुणास ठाऊक. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, बसता येत नाही. त्या भिंतीला धरून घसरत घसरत खाली गेल्या आणि सरळ पालथ्या झाल्या.

"ह्याच्या खाली मला जाता येत न्हाई, भंते," त्या फरशीला गाल लावून म्हणाल्या. "माफ करा."

"बरं आहे तिथं," भंते म्हणाले. आणि रांगायला लागले.

अनोमानं वाटी सोडली. दोन क्षण बघत राहिली. मग खिदळली आणि त्यांच्या मागं निघाली. तिला वाटलं असेल, आपल्या वयाचं कुणीतरी घरी आलंय.

मी एकटीच उभी होते. डावातलं वरण फरशीवर गळत होतं.

भंते मोरीपाशी थांबले. मोरीच्या कट्ट्याखाली एक बाटली होती, आत पांढरट पातळ. त्यांनी ती बोटानं हलवली.

"हे सरबत?"

"फिनेल आहे, भंते. सायकलवाला दारावर सुटं देतो. बाटली आपली द्यायची."

"लेबल वाचलंस?"

मी वाकून पाहिलं. थंड पेयाची जुनी बाटली. तिच्यावर पिकल्या आंब्याचं चित्र होतं.

...

"तू सगळं वाचतेस," भंते म्हणाले. "हिला काय वाचता येतं?"

मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "चित्र."

पण बाटलीचं झाकण घट्ट होतं. मलाच उघडताना जोर लावावा लागतो. अनोमाच्या पोटात गेलं ते हे नव्हतं. मी बाटली उचलून वर फळीवर ठेवली. भंते तोवर पुढं गेले होते.

अंथरुणांच्या घडीपाशी थांबले. वास घेतला. सगळ्यांत खालच्या गोधडीत त्यांनी दोन बोटं घातली आणि डांबराची गोळी बाहेर काढली. पांढरी, गुळगुळीत, पेपरमिंटच्या गोळीसारखी. अनोमानं हात पुढं केला. भंतेंनी मूठ मिटली.

ती गोळी पण पूर्ण होती. कुणी चाखलेली नव्हती.

पुढं कॉट होती. भंते कॉटखाली शिरले. आधी डोकं गेलं, मग खांदे, मग चीवर. बाहेर राहिल्या फक्त भेगा पडलेल्या दोन टाचा. त्यांच्या बाजूला अनोमाचे दोन गुलाबी तळवे. मग तेही आत गेले.



"भंते, तिथं काही नाही. मी कालच झाडलंय."

आतून आवाज आला, "उभ्यानं?"

"मोठ्या झाडूनं..."

"उभ्यानं?"

"हो."

काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. ट्रंक असेल. घड्याळात बाराला दहा कमी होते. माझा जीव दोन्हीकडं ओढत होता.

"भंते, बाहेर या. वाढते मी. चुकलं माझं. जेवून घ्या, मग बघू."

"तोवर ती रांगायची थांबणार आहे का?"



आत्याबाई पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "प्रणाली, हितं भिंतीला खाली काय लावलंय गं? पांढरं पांढरं?"

"कुठं?"

"हे काय, माझ्या नाकापुढं. कवापासून बघतीय. मला वाटलं चुना सांडलाय."

मला उभ्यानं काहीच दिसलं नाही. भिंत दिसली. फरशी दिसली.

भंते मागं मागं सरकत बाहेर आले. डोक्याला जाळं लागलेलं, कोपराला धूळ. चिमटीत काहीतरी धरलं होतं. मी हात पुढं केला. पण भंते बाईच्या हातात काही देत नाहीत. त्यांनी ते फरशीवर ठेवलं आणि हात मागं घेतला.

उचलायचं तर मला खाली बसावं लागणार होतं.

मी बसले.

पांढऱ्या खडूचा तुकडा होता. करंगळीएवढा. शाळेतला नाही. झुरळं मारायचा खडू.

तो मीच आणला होता. मोबाइलवर बघितलं होतं, झुरळांमुळं लहान मुलांना काय काय होतं. रात्रभर झोप लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी खडू आणला आणि भिंतीच्या कडेकडेनं, मोरीभोवती, कॉटच्या चारी पायांभोवती रेघ ओढली. माझ्या अनोमाकडं एक झुरळ यायला नको म्हणून. उरलेला तुकडा खिडकीत ठेवला होता. खिडकी कॉटच्या बरोबर वर आहे. कधी पडला असेल, कोण जाणे. मी पुडे वाचत होते.

तुकड्याच्या टोकाला दोन बारीक खाचा होत्या. शेजारी शेजारी. तांदळाच्या दोन दाण्यांएवढ्या.

मी अनोमाचं तोंड उघडून बघितलं नाही. काय बघायचं?

मान वर केली तर समोर भिंत. आणि आता ती रेघ मला दिसली. उभं राहिलं की धुळीसारखी वाटायची. इथून ती डोळ्यांपुढून सरळ लांब जात होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणीतरी वाट आखून दिल्यासारखी. मध्ये एका ठिकाणी पुसलेली होती. एवढ्याशा हाताच्या रुंदीएवढी.

 

मी ताडकन उठले. खडू मुठीत आवळला आणि दाराकडं निघाले.

"कुठं टाकतेस?" भंतेंनी विचारलं.

"बाहेर. लांब. दृष्टीआड."

"आधीचं सगळं कुठं टाकलंस?"

"मागं... पाण्याच्या टाकीजवळ. मोकळी जागा आहे तिथं."

"मोकळी?"

...

"तिथं कोण राहतं?"

टाकीवर बायका पाण्याला येतात. नंबर लागेपर्यंत कडेवरची लेकरं खाली सोडतात. ती लेकरं त्या ढिगात खेळतात. गेल्या आठवड्यात एकाच्या हातात अनोमाचाच पावडरचा डबा होता. मी बघितला होता. बघून पुढं गेले होते.

मी दारातून मागं आले आणि परत खाली बसले.

"हा टाकू नकोस," भंते म्हणाले. "कागदात बांध. आज डॉक्टरांना दाखव. नाव त्यांना कळू दे. मग भिंत पूस. ओल्या फडक्यानं, आणि हिला बाहेर बसवून."

"आणि टाकीजवळचं?"

"ते तुझं आहे."

मी अनोमाला मांडीत घेतलं. तिचे हात धुतले, मग तोंड, मग परत हात. ती भंतेंकडं बघून हसत होती. अजून रांगा म्हणत होती.

आत्याबाईंना मी हात देऊन उठवलं. त्या पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेल्या. त्यांनी ताट वाढलं. भात, वरण, मेथी, वर तुपाची धार. दोन्ही हातांनी ताट घेऊन आल्या आणि तिथंच थांबल्या.

घड्याळात बारा वाजून तीन मिनिटं झाली होती.

"भंते..." आत्याबाई म्हणाल्या.

भंते परत खुर्चीवर बसले होते. त्यांनी ताटाकडं पाहिलं. मेथीकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग शेजारी ठेवलेल्या आपल्या भिक्षापात्रावर झाकण ठेवलं.

"पाणी चालेल," म्हणाले.

मी पाणी दिलं. तांब्याच्या तळाशी, आतून, काहीच नाही ना ते तीनदा पाहून दिलं. भंतेंनी ते पाहिलं आणि मिशीत हसावं तसे बिनमिशांचे हसले.

"माझ्यामुळं उपाशी राहिलात," मी म्हणाले. मला रडू आवरेना. "मी वाढलं असतं तर..."

"माझी भूक उद्यापर्यंत थांबते."

ते काठी घेऊन दाराशी गेले. अनोमा त्यांच्या मागं उंबऱ्यापर्यंत रांगत गेली. मी धावत जाऊन तिला अडवलं आणि डोळे पुसत म्हणाले, "भंते, मी सांगते सगळ्यांना. गल्लीत सांगते, टाकीवर सांगते, माहेरी सांगते. मोबाइलवर टाकते. या खडूचं, त्या बाटलीचं, सगळं. एकही घर सोडत नाही."

भंते उंबऱ्याबाहेर थांबले. वळून त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पायाशी बसलेल्या अनोमाकडं.

"सांग. जिथं लेकरू आहे, त्या प्रत्येक घरी सांग... पण उभ्यानं सांगू नकोस."