घूस, साळिंदर आणि पांढरा गोळा

समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली, मातीच्या बांधाआड हॉलंड देशात एक रान होतं. तिथे एक घूस आणि एक साळिंदर भिंतीला भिंत लावून राहत असत. दोघांचा धंदा एकच. गाईंकडून लोणी घ्यायचं आणि होडीतून दलदलीतल्या उंदरांना, सशांना विकायचं. पुढे गाईंना समुद्रापलीकडचं श्रीमंत गिऱ्हाईक मिळालं आणि सगळं लोणी तिकडे जाऊ लागलं. उंदरांची पिल्लं हिवाळ्यात कोरडा पाव चावत बसली. मुलांनो, कोरडा पाव घशात कसा अडकतो ते मला विचारा, माझ्या हातचा पाव तसाच होतो.

मग घुशीने आणि साळिंदराने आपापल्या घरी तेलापासून लोण्यासारखा गोळा केला. इथवर ठीक होतं. पण दोघांनी त्यात गाजराचा रस घालून तो पिवळा केला आणि 'गाईचं लोणी' म्हणून विकला. वर घूस सांगायची, शेजाऱ्याचं लोणी खोटं आहे. साळिंदर सांगायचं, खोटं तर घुशीचंच. इतक्या मोठ्यांदा सांगायचे की गाईंना ऐकू गेलं.

गाई करकोचाकडे गेल्या. तो रानाचा न्यायाधीश. त्याने निकाल दिला : पिवळा रंग बंद, लोण्याचं नाव बंद. उद्याच्या बाजारात गोळा स्वतःच्या नावाने विकायचा. कुणी घेतला नाही, तर दोन्ही दुकानांना कुलूप.

"नाव काढलं की उरतं काय? तेलाचा गोळा," म्हातारी गाय रवंथ करत म्हणाली.

घूस घरी येऊन आपला पांढरा गोळा चाखत बसली. मऊ होता, पण चव कसलीच नाही. भिंतीपलीकडे साळिंदरही तोंड वाकडं करत होतं. त्याच्या गोळ्यात ताक होतं, चव झकास होती, पण थंडीत खडे व्हायचे. शेवटी घुशीनेच भिंतीवरून मान काढली.

"साळिंदरभाऊ, तुमचं ताक द्याल?"

"देईन की, घूसताई. पण घुसळणार तुम्ही. माझ्या हाताला ते जमत नाही, हे बाहेर बोलू नका."

"इतके दिवस मी तेच तर बोलत होते," घूस म्हणाली. मग दोघांनी मधली भिंत पाडली, कारण दोघांचं मिळून लागणारं मोठं पातेलं दारातून जाईना.

दुसऱ्या दिवशी बाजारात गोळ्याच्या नव्या नावाची एकच पाटी लागली : 'मार्गारिन. गाईचं नाही, आमचं.' सगळे लांबून बघत राहिले. शेवटी एक उंदरीण पिल्लं घेऊन पुढे आली. तिने पावाला पांढरा थर लावला आणि धाकट्याला दिला. त्याने खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला.

"लोणी नाही हे," उंदरीण म्हणाली, "पण पाव उतरतोय घशाखाली. दोन गोळे द्या."

मग रांग बांधापर्यंत गेली. हिवाळा सरेपर्यंत एका होडीच्या दहा होड्या झाल्या आणि त्या समुद्रापलीकडेही जाऊ लागल्या. एका सकाळी रांगेत सगळ्यात मागे म्हातारी गाय उभी होती. लोणी सगळं परदेशी गेलं, घरच्या पावाला काही उरलं नाही, असं ती हळूच म्हणाली.

घुशीने तिला गोळा बांधून दिला. "गाईचं नाही हं, मावशी," ती म्हणाली. "आमचं आहे."

तात्पर्य : उसनं नाव कधीतरी परत द्यावं लागतं, स्वतःचं नाव कुणी काढून घेत नाही, आणि ज्या शेजाऱ्याला आपण खोटं ठरवतो, आपल्यात जे कमी असतं ते पुष्कळदा त्याच्याच घरी असतं.