शून्यापाशी उभा माणूस

“आणि हे सगळं आधीच करून झालं असेल तर, बाई?”

उन्मेष घाडगेच्या प्रश्नात नम्रता होती, पण ती वरवरची. बाईंकडं आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, याची त्याला आतून पक्की खात्री होती.

कारखानीस बाईंनी त्याच्या लॅपटॉपकडं अजून पाहिलंही नव्हतं. त्या गॅलरीत बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

“काय काय झालं करून?”

“सगळंच. मॉडेलमध्ये खिडकी एकदाच काढली आणि तीच सगळीकडं लावली. एक बदलली की सगळ्या बदलतात. न वापरलेलं सामान फाइलमधून झाडून काढलं. नको ते लेयर बंद केले. प्रत्येक कामाला शॉर्टकट आहे. मेनू उघडून बघितल्याला किती दिवस झाले, आठवतही नाही.”

“बरं.”

“आणि तरीही...”

“तरीही?”

“थरथरतं.”

बाईंचा हात शेंगेवर क्षणभर थांबला. मग दाणे परातीत पडले.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्या या बाईंनी साताऱ्यात पुष्कळ घरं बांधली होती, आधी कागदावर काढून आणि नंतर कॉम्प्युटरवर. आता त्या घरीच मुलांना शिकवत. इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरमध्ये कशी उभी करायची, ते. उन्मेष त्यांच्याकडंच शिकला होता आणि शिकून होण्याआधीच निघून गेला होता. ‘बाई शिकवतात चांगलं, पण बैलगाडीच्या वेगानं,’ असं त्यानं मित्रांत म्हटलं होतं. अशी वाक्यं ज्याच्याबद्दल असतात त्याच्यापर्यंत बरोब्बर पोचतात, तसं तेही पोचलं होतं.

आज मात्र त्याला यावं लागलं होतं. डोंगरावरच्या एका वस्तीसाठी शाळा बांधायची होती. त्याची स्वतःची पहिली इमारत. चार वाजता संस्थेची मंडळी मॉडेल बघणार होती. ते आवडलं तर काम त्याचं, नाहीतर दुसऱ्या एकाचा आराखडा त्यांच्या टेबलावर तयारच होता. आणि त्याची शाळा पडद्यावर धड उभी राहत नव्हती. जरा फिरवली की भिंतींना भोकं पडत, कडा नाचत, खांब छपरातून सटकत.

“मशीन बदलून पाहिलं?” बाईंनी विचारलं.

“मित्राचं नवं आणलं. त्याच्यावर तर जोरात थरथरतं.”

“हं. आत कोण आहे?”

“कुठं?”

“शाळेत.”

उन्मेष गोंधळला. “कोणी नाही. माणसं शेवटी टाकायची. माणसांनी फाइल जड होते. हे तुम्हीच शिकवलंय, बाई.”

“मीच शिकवलंय,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंगेला लागल्या.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. संस्थेचे खाडे गुरुजी होते.

“उन्मेषराव, चारला नक्की ना? मंडळी लांबून येतायत.”

“नक्की, गुरुजी. मशीन जरा कुरकुर करतंय, तेवढं बघतो.”

त्यानं फोन ठेवला. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय याचाच राग येत होता.

बाई परात घेऊन आत आल्या, हात पुसले. त्याच्या मागं उभ्या राहिल्या.

“दाखव.”

त्यानं एक बटण दाबलं, शाळेचं दार आलं. दुसरं दाबलं, व्हरांडा आला. तिसरं दाबलं, वर्ग. “प्रत्येक जागा साठवून ठेवलीय,” तो म्हणाला. “शोधत हिंडावं लागत नाही. थेट उडी.”

व्हरांड्याचे खांब हिवताप भरल्यासारखे कापत होते.

“मागं सर,” बाई म्हणाल्या.

त्यानं खुर्ची मागं घेतली.

“तू नाही. चित्र.”

त्यानं माउसचं चाक फिरवलं. शाळा लहान झाली.

“अजून.”

शाळा काडेपेटीएवढी झाली.

“अजून.”

“बाई, आता नुसता ठिपका राहिलाय.”

“अजून.”

ठिपकाही गेला. पडदा पांढरा फटक. उन्मेषनं वळून बाईंकडं पाहिलं. बाई पडद्याकडंच बघत होत्या, जणू तिथं पुष्कळ काही होतं.

“काहीच दिसत नाही,” तो म्हणाला.

“म्हणून तर. सर मागं.”

तो चाक फिरवत राहिला. बोट दुखायला लागलं. चारची वेळ डोक्यात टोचत होती, आणि ही म्हातारी आपल्याला रिकाम्या पडद्यात मागं मागं पाठवतेय याची त्याला चीड आली. बाई त्या बैलगाडीच्या वाक्याचा सूड तर घेत नाहीत ना, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मग पडद्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यातून तीन रेघा आत आल्या. तांबडी, हिरवी, निळी. प्रत्येक नव्या फाइलमध्ये त्या असतातच. जिथं त्या एकमेकींना मिळतात तिथून सगळी मोजमापं सुरू होतात. ते शून्य.

बाईंनी तिथं बोट ठेवलं.

“इथं जा.”

“तिथं काही नाहीये.”

“जा रे.”

तो निघाला. चाक उलटं फिरवत फिरवत आत, आत, आत. बराच वेळ काहीच नाही. मग रेघांच्या सांध्यापाशी एक डाग. डागाला पाय फुटले, डोकं आलं.

एक माणूस उभा होता.

चौकड्याचा शर्ट, एक हात खिशात, नजर समोर. आणि थरथर अजिबात नाही. शर्टाची बटणंसुद्धा जागच्या जागी होती.

“हा होय!” उन्मेष हसला. “हा नव्या फाइलबरोबर येतोच. उंचीचा अंदाज यावा म्हणून ठेवलेला असतो. मी पहिल्यांदा यालाच काढून टाकतो. या वेळी घाईत राहिला वाटतं.”

त्याचं बोट डिलीटच्या बटणाकडं गेलं.

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. पावट्याचा हिरवा वास आला. हात तसाच राहिला.

“घाई कशाची होती?” बाईंनी विचारलं.

“जागेच्या मोजणीचा नकाशा आला होता. तो फाइलमध्ये आणला आणि त्याच्यावरच शाळा बांधायला घेतली.”

“आणि नकाशा येऊन पडला कुठं?”

“जिथं पडला तिथं. मी कशाला बघू?”

बाईंनी हात उचलला.

“याला शाळेत ने.”

हे सोपं होतं. त्यानं माणसाला उचललं आणि शाळेच्या पटांगणात नेऊन ठेवलं. मग एक बटण दाबून स्वतःही तिथं गेला.

आणि त्याच्या अंगावर काटा आला.

माणूस कापत होता. नाक कानापर्यंत जाऊन परत येत होतं. खिशातला हात खिसा सोडून हवेत लटकला होता. आत्ता तिकडं धडधाकट उभा होता, तोच हा.

“हा... हा इथं येऊन असा का झाला? मशीन तर तेच आहे. फाइल तीच. माणूस तोच.”

“मग बदललं काय?”

भराभर चालणारी उन्मेषची बोटं बटणांवर नुसती पडून राहिली. त्याला येत असलेल्या सगळ्या युक्त्या त्यानं मनात उलगडून पाहिल्या, त्यातली एकही इथं लागू पडेना. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. घड्याळात तीन वाजत आले होते.

“बाई, मला कळत नाहीये,” तो शेवटी म्हणाला. हे वाक्य या घरात त्यानं पूर्वी कधी उच्चारलं नव्हतं.

“बरं झालं.” बाईंनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या. “त्या बिचाऱ्याला आधी परत पाठव.”

त्यानं माणसाला परत शून्यापाशी नेलं. माणूस पुन्हा स्थिर झाला. हात खिशात गेला.

“आता?” त्यानं विचारलं. “याला तिकडं नेता येत नाही. आणि शाळा तर...”

वाक्य अर्धंच राहिलं.

बाई उठल्या आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

उन्मेष बराच वेळ त्या माणसाकडं बघत बसला. मग त्यानं शाळा निवडली. भिंती, खांब, छप्पर, पटांगण, सगळीच्या सगळी. आणि उचलली. जिथं बांधली होती तिथून ती निघाली, त्या रिकाम्या पांढऱ्यातून सगळं अंतर कापून आली आणि माणसाच्या समोर टेकली. लॅपटॉपनं एक मोठा उसासा टाकला.

खांब उभे राहिले. भिंतींची भोकं बुजली. त्यानं शाळा गरागरा फिरवली, तरी एक कड हलली नाही.

“बाई! झालं! बाई, थांबलं सगळं!”

आनंदानं त्याचा आवाज चिरकला. “म्हणजे नकाशा शून्यापासून लांब जाऊन पडला होता! लांब गेलं की आकडे मोठे होतात आणि मशीन गडबडतं. पुढच्या वेळी नकाशा आला की आधी शून्यापाशी आणायचा, मगच बांधायला घ्यायचं. एवढंच होतं की!”

“एवढंच,” आतून आवाज आला.

“निघतो मी. अजून वेळ आहे. या माणसाला तेवढं काढून टाकतो...”

तो थांबला.

माणूस शाळेच्या दाराशी, पायऱ्यांच्या खाली उभा होता. आता त्याच्या पुढ्यात खरोखरची पायरी होती. पहिली पायरी त्याच्या गुडघ्याला लागत होती.

उन्मेष जवळ गेला. बाजूनं पाहिलं. समोरून पाहिलं. गुडघ्यालाच.

त्याला आठवलं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यानं जोतं वर घेतलं होतं. पायऱ्या खाली राहिल्या, तेव्हा नव्या न काढता होत्या त्याच ताणून वर नेल्या होत्या. एका झटक्यात. तेव्हा आपल्याच हाताचं त्याला केवढं कौतुक वाटलं होतं.

मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागत होती. शाळेत तर पहिलीची पोरं येणार होती.

त्याला लाज वाटली.

त्यानं फोन उचलला. “गुरुजी, उन्मेष बोलतोय. तासभर उशीर होईल. मंडळींना माझ्या वतीनं... हो, माफी मागतो.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही गुरुजी, मशीन बरं आहे. माझंच चुकलंय. पायऱ्या पुन्हा काढायच्यात.”

गुरुजी काय म्हणाले ते बाईंना ऐकू आलं नाही. उन्मेष फोन ठेवून नुसता बसला होता. काम हातचं गेलं की राहिलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बहुधा त्यालाही कळलं नव्हतं.

बाईंनी चहाचा कप त्याच्या शेजारी ठेवला.

“बाई,” तो म्हणाला, “मी रोज या पायऱ्या बघत होतो. जवळून, लांबून, सगळीकडून. इतके दिवस हे दिसलं कसं नाही?”

बाईंनी परात पुढं ओढली. एक शेंग घेतली.

“चढायला तिथं होतं कोण?”