पायथ्याची जागा

नदीवर पूल बांधायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी तर जरूर ऐकावी.

नदीकाठच्या एका गावात येसोबा नावाचा दोर वळणारा राहत होता. अंबाडीचा वाख भिजवायचा, त्याचे दोर वळायचे आणि त्या दोरांनी लोकांच्या बाजा विणून द्यायच्या, हा त्याचा धंदा. दिवसभर पीळ देऊन देऊन त्याचे तळवे सोलून निघत. माणूस वाईट नव्हता. शब्दाचा पक्का, कामाचा चोख. पण झोपेच्या बाबतीत फार हट्टी. एकदा बाजेवर आडवा झाला की शेजारी कुणी कूस बदललेलीही त्याला खपत नसे.

त्याच्या बायकोचं नाव गिरजा. त्यांना मूलबाळ नव्हतं. एका पावसाळ्यात वाखाच्या भाऱ्यात गिरजेला मांजराचं पिल्लू सापडलं. मुठीएवढं, भिजून थरथरणारं. तिनं ते पदरानं पुसलं, चुलीपाशी शेकलं, बोटानं दूध चाटवलं. पिल्लू पांढरंशुभ्र होतं, पाठीवर एकच पिवळा डाग. गिरजेनं त्याचं नाव कवडी ठेवलं.

कवडी मोठी झाली आणि गिरजेच्या पायांपाशी, बाजेवर निजू लागली.

येसोबाला ते रुचलं नाही. कवडी त्याच्या अंगावरून चालत जाई. पांघरुणात बोट हललं तरी उंदीर समजून झडप घाली. पहाट झाली की त्याच्या छातीवर चढून कणीक मळल्यासारखे पंजे चालवी. एके सकाळी तो तावातावानं उठून बसला.

"अगं, ही बाज मी विणलीय. दोन माणसांची विणलीय. तिसऱ्याला तिच्यात जागा नाही."

गिरजा हसली. "अहो, मुक्या जनावराला जागा नेमून दिली नाही, की त्याला सगळीच जागा आपली वाटते. मी पायथ्याशी माझं जुनं लुगडं घडी करून ठेवते. दिवस मावळताना तिला सुतळीशी खेळवते, मग दूधभात घालते. अंग दमलं, पोट भरलं, की पडून राहील बिचारी. तुम्ही फक्त पाय थोडे आखडून घ्या."

गिरजेनं सांगितलं तसंच झालं. कवडी त्या घडीवर गोळा होऊन निजायला शिकली. अंगावर चढेना, झडप घालेना. उजाडलं की गिरजेच्या तळपायांना डोकं घासून तिला उठवी.

पण येसोबानं पाय आखडले नाहीत. तो ऐसपैस पाय पसरी आणि लुगड्याची घडी खाली ढकलून देई. मग गिरजा ती उचलून आपल्या बाजूला ठेवी, आपले गुडघे पोटाशी घेई आणि कवडीला जागा करून देई. दहा वर्षं ती अशी अंग चोरून निजली. येसोबाला ते कधी दिसलं नाही.

पुढं एका पौषात गिरजेला हिवताप आला. ताप उतरे, पुन्हा चढे. अंग भाजून निघे आणि पाय मात्र बर्फासारखे गार. कवडी त्या पायांवर पडून राही, खाण्यापुरतीच खाली उतरे.

वैद्य आले. नाडी बघून म्हणाले, "यांना ऊब द्या. मन शांत राहू द्या. आणि झोपमोड होऊ देऊ नका."

येसोबाच्या कानात तेवढं शेवटचंच राहिलं. त्यानं कवडीकडं पाहिलं. त्याच दुपारी, गिरजेचा डोळा लागलेला असताना, त्यानं कवडीला टोपलीत घातलं, वर दोर बांधला आणि टोपली घाटावरच्या नावाड्याच्या हाती दिली. "पलीकडं नेऊन सोड. कुणी ठेवून घेतली तर बरंच झालं."

आपण बायकोच्या भल्यासाठीच हे केलं, असं तो वाटभर स्वतःला सांगत आला. त्यात थोडं खरं होतं. सगळं नव्हतं.

गिरजेला जाग आली. तिनं पाय हलवून पाहिले. "कवडी कुठंय हो?"

"असेल उंदरामागं," येसोबा म्हणाला. "येईल."

"मग दार उघडं ठेवा. बंद दिसलं तर माघारी जाईल ती."

येसोबानं दार उघडं ठेवलं.

नदीवरचा वारा घरात शिरला. येसोबानं तिच्या पायांवर दोन घोंगड्या टाकल्या, तरी पाय गरम होईनात. तो हळूच उठून दार लोटून घेई. कडी वाजली की गिरजा डोळे उघडी. "लावलंत का? उघडा हो. ती बाहेर असेल." तो पुन्हा दार उघडी. एक शब्द खरा बोलला असता तर दार लागलं असतं. पण तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. बायको आपल्याकडं कशी बघेल, याची त्याला भीती वाटे.

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी उजाडताना गिरजेचे दात थंडीनं वाजत होते. ते येसोबाला ऐकवेना. तो बाजेपाशी खाली बसला.

"गिरजे, कवडी यायची नाही. मीच तिला पलीकडं धाडली."

गिरजेनं त्याच्याकडं पाहिलं. रागावली नाही, रडली नाही.

"मग दार लावा ना आता," ती म्हणाली. "किती दिवस वारा सोसतेय मी."

येसोबानं दार लावलं आणि दाराला कपाळ टेकून तो लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "मी तिला घेऊन येतो. आत्ता आणतो." शेजारच्या तुळसाबाईला त्यानं गिरजेपाशी बसवलं आणि तो घाटाकडं धावत सुटला.

पैलतीरावर नावाड्यानं त्याला एका कुंभारणीचं घर दाखवलं. भट्टीच्या उबेला कवडी बसली होती. कुंभारीण म्हणाली, "तुझी आहे होय? घेऊन जा बाबा. खायला घातलं तर खाते, पण रोज घाटावर जाऊन पाण्याकडं बघत बसते."

येसोबानं कवडीला उराशी धरलं. परतताना वारा उलटा होता. नाव पुढं सरकता सरकेना. त्यानं स्वतः दुसरं वल्हं हाती घेतलं, सोललेल्या तळव्यांतून रक्त आलं, तरी काठ गाठायला दुपार झाली.

घराच्या पायरीवर तुळसाबाई बसली होती. तिला बाहेर बसलेली पाहूनच तो समजला.

"घटका झाली तिला जाऊन," तुळसाबाई म्हणाली.

"काही बोलली का?"

तुळसाबाईनं पदर तोंडाला लावला. "म्हणाली, माझे पाय जरा आखडून दे. ते कवडीला घेऊन येतील, तिला जागा नको का? मीच आखडून दिले. मग डोळे मिटले तिनं."

येसोबा आत गेला. कवडी त्याच्या हातातून उतरली, बाजेवर चढली, गिरजेचे पाय हुंगले आणि तिथं बसून राहिली. माणसं तिरडी घेऊन आली तेव्हाच ती उठली.

त्यानंतर कवडी दोन वर्षं जगली, पण बाजेवर पुन्हा कधी चढली नाही. येसोबा रोज दिवस मावळताना तिला सुतळीशी खेळवायला बघे, दूधभात घाली, पायथ्याशी लुगड्याची घडी ठेवी आणि हाका मारी. ती दूधभात खाई, त्याच्याकडं बघे आणि वाखाच्या ढिगावर जाऊन निजे. त्यानं तिला उचलून ठेवलं तरी उतरून जाई. मग येसोबा त्या मोकळ्या बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडे. पाय पसरायला सगळी जागा होती. त्याच्यानं ते पसरवत नसत.

येसोबा म्हातारा झाला, तरी बाजा विणतच राहिला. एकदा नवं लग्न झालेलं जोडपं त्याच्याकडं आलं. माप घेण्याआधी त्यानं विचारलं, "घरात निजणारे किती?"

"आम्ही दोघं," नवरा म्हणाला.

"आणि?"

नवरी लाजली. "माझ्या माहेरचं मांजर आलंय बरोबर. पण ते कुठं मापात धरायचं, बाबा?"

"धरायचं, पोरी," येसोबा म्हणाला. त्यानं मापाचा दोर आणखी वीतभर ओढून गाठ मारली, आणि नवऱ्याकडं वळून म्हणाला, "तरीही जागा कमी पडली, तर पाय तू आखड. रोज तिच्यावरच पाळी येऊ देऊ नकोस."

एवढं बोलून तो मान खाली घालून वाख निवडू लागला. त्याचे डोळे का भरले, ते त्या दोघांना कळलं नाही.

बोध: आपल्या माणसाला जे प्रिय, त्याला जागा ते माणूस असतानाच द्यावी, ते गेल्यावर सगळं अंथरूण मोकळं केलं तरी ती देता येत नाही.