वड का वाळला?

फार जुन्या काळी एका रानातल्या वडाखाली पशुपक्ष्यांचं विद्यापीठ होतं. तिथे जो तो आपल्याच विषयात गढलेला असे. एकदा तो वडच वाळू लागला. खोडांची अभ्यासक टकी सुतारपक्षीण हवालदिल झाली. "खोडात रस चढत नाही, पण का?"

शेवटी संकोच गिळून ती मातीचा अभ्यास करणाऱ्या गांडूळबुवांकडे गेली.

"मुळांशी ओलच नाही गं," ते म्हणाले.

"पण ओढा तर भरून वाहतोय!" शेजारचे, पाण्याचे अभ्यासक बेडूकराव म्हणाले.

"म्हणजे पाणी वाटेत अडलंय!" टकी ओरडली.

बिळं खणण्यात तरबेज घूसताईंनी ओढा आणि वडाच्या मधली जमीन उकरली, तर चिकणमातीचा घट्ट थर! तो फुटताच पाणी मुळांकडे धावलं.

वडाला तांबूस पालवी फुटली, तशी टकी गिरक्या घेत आली. "बुवा, चला लवकर! बोरीचा बहर का गळतो, ते शोधायचंय. बेडूकराव केव्हाचे येऊन बसलेत!"