वास नसलेले हात

पूर्वी हेमकूट नगरात जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव नंदक. राजाच्या मळ्यातला एक तुकडा त्याच्याकडे होता. मळ्यातल्या शेंगा आणि भाज्या नगराच्या अन्नछत्रात जात. ज्यांच्या घरी चूल पेटत नसे, ते तिथे जेवत.

एका वर्षी वालाच्या वेलांवर ढालकिडे पडले. पाठीवर ढालीसारखे कवच, आणि चिरडले की बोटांना चिकटून राहणारी दुर्गंधी. शेंगा आतून पोकळ होऊ लागल्या. मुख्य माळी वज्रट याने हुकूम काढला, "दिसेल तो ढालकिडा चिरडा." काम झाले की नाही हे कळावे म्हणून त्याने एक रीतही घालून दिली. संध्याकाळी सगळ्यांनी रांगेत उभे राहून हात पुढे करायचे. वज्रट एकेक हात हुंगे. वास आला तर शिधा, नाही आला तर नाही.

नंदक मात्र तीन दिवस वेलाजवळ नुसता बसून राहिला.

"नंदक किड्यांचं लग्न जुळवतोय," शेजारच्या तुकड्यातली माळीण हसून म्हणाली. "मुहूर्त निघाला की आम्हालाही बोलवा."

चौथ्या दिवशी त्याला कळले की ढालकिडे एका जातीचे नाहीत. हिरव्यांची सोंड दोऱ्यासारखी बारीक. ते ती शेंगेत खुपसून रस पीत. दुसरे तपकिरी, खांद्यांवर दोन काटे असलेले. त्यांची सोंड जाड होती आणि शेंगेला ते तोंडही लावत नसत. पाने खाणाऱ्या अळीला ते सोंडेवर टोचून धरत आणि सावकाश शोषून घेत.

तपकिरी किड्यांना त्याने हात लावला नाही. हिरवे किडे पहाटेच्या गारव्यात सुस्त असत. तेव्हा वेलाखाली धोतर पसरून तो वेल हलवी, पडलेले किडे ओढ्यापलीकडच्या रानात नेऊन सोडी. संध्याकाळी वज्रट त्याचे हात हुंगे आणि म्हणे, "पुढचा."

घरी त्याची बायको चित्रा वाट पाहत असे.

"आजही रिकामे? अहो, दोन किडे घासा की बोटांवर! पोर भुकेली आहे. तिला काय तुमचा विचार शिजवून घालू?"

"तू म्हणतेस ते खरं आहे," नंदक म्हणाला. "पण घासायचा कुठला? हिरवा काय, तपकिरी काय, जिवावर दोघंही उदार नाहीत."

चित्रा टोपली घेऊन उठली. तिने ओढ्याकाठचा पाला खुडून आणला आणि उकडला. तो महिना त्यांनी त्यावर काढला.

महिन्याभरात इतरांच्या तुकड्यांत एकही ढालकिडा उरला नाही. अळ्या मात्र इतक्या झाल्या की पानांची चाळण झाली. हिरवा राहिला तो एकटा नंदकाचा तुकडा. अन्नछत्रात पातळ पेज वाढली जाऊ लागली, तेव्हा राजा स्वतः मळ्यात आला.

वज्रट घाबरला. त्याने नंदकाकडे बोट केले. "महाराज, यानेच आपल्या तुकड्यातल्या अळ्या आमच्या तुकड्यांत सोडल्या. महिनाभर एक किडा मारला नाही. हात हुंगून पाहा त्याचे!"

अन्नछत्राचे पीक नासणाऱ्याला देशाबाहेर काढीत. जमलेल्या लोकांत उभ्या असलेल्या चित्राने पोरीला जवळ ओढले.

राजाने नंदकाचे हात हुंगले. वास नव्हता. "तू काम केले नाहीस?"

नंदकाने पानावरचा एक हिरवा ढालकिडा अलगद तळहातावर घेतला आणि राजाच्या हातावर चालू दिला. "आता स्वतःचा हात हुंगा, महाराज. घाबरल्याशिवाय हा वास सोडत नाही." राजाने आपला हात हुंगला; वास नव्हता. मग नंदकाने काटेरी खांद्यांचा किडा दाखवला. त्याच्या सोंडेवर अळी लोंबत होती.

राजा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आजपासून मुख्य माळी तू. आणि या वज्रटाला सीमेपार सोडून या."

"महाराज," नंदक म्हणाला, "माझ्या हाताला वास नाही म्हणून मी जाणार होतो. यांच्या हाताला वास आहे म्हणून यांना घालवू नका. यांनी आळस केला नाही, फक्त पाहिलं नाही. उद्या पहाटे माझ्याजवळ बसू द्या. पद यांचंच राहू द्या."

त्याच दिवशी तपकिरी किडे बसलेल्या फांद्या नंदकाने सगळ्यांना वाटल्या. पहिली फांदी वज्रटाच्या तुकड्यात ठेवली. पाऊस संपेतो मळा पुन्हा भरला. हात हुंगण्याची रीत वज्रटाने स्वतःच बंद केली.

शास्त्याने, म्हणजे भिक्षूंच्या गुरूने, ही कथा विहारात सांगितली, ती सुनाग नावाच्या नव्या भिक्षूमुळे. तो पूर्वी मासे विकत असे. अंगाला वास येतो म्हणून ज्येष्ठ भिक्षू धम्मिलाने त्याला पंगतीतून उठवले होते.

शास्ता म्हणाला, "तेव्हाचा वज्रट म्हणजे हा धम्मिल. चित्रा म्हणजे आपल्याला रोज पेज आणून देणारी उपासिका कंचना. नंदक मी होतो. आणि ज्याने स्वतःचा हात हुंगून पाहिला, तो राजा जयसेन म्हणजे हा सुनाग."

धम्मिल उठला. त्याने दाराशी उभ्या असलेल्या सुनागाला हात धरून आणले आणि आपल्या चटईवर शेजारी बसवले.

मारण्याआधी, हाकलण्याआधी जी थांबून पाहते, ती प्रज्ञा.