दाराकडं तोंड केलेले बूट

"बाकी सगळ्यांचे वळवलेत. माझेच का नाही?"

वरद खासनीसनं कमरेवर हात ठेवून विचारलं, तेव्हा म्हातारा फकीर पायरीवर बसून कुणाची तरी सँडल झटकत होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

ही गोष्ट बिदरच्या पलीकडची. तुरीच्या शेतांमधून एक मातीची वाट जाते, तिच्या टोकाला एक जुना मकबरा. घुमट काळा पडलेला, दार एकच. त्या दाराशी हा फकीर बसायचा. काम काय, तर आत जाणाऱ्यांनी काढलेले जोडे उचलायचे, धूळ झटकायची आणि तोंडं रस्त्याकडं करून ठेवायचे. आतून आलेल्या माणसानं नुसते पाय सरकवायचे आणि चालू पडायचं.

वरद आत जाऊन बाहेर आला. गुलबर्ग्याच्या एका कुटुंबाच्या चपला वळवलेल्या होत्या, चिमुकल्या पोरीचे पट्ट्याचे बूटसुद्धा.

वरदचे महागडे ट्रेकिंगचे बूट मात्र त्यानं काढले होते तसेच. तोंडं दाराकडं.

"चाचा, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय ना साहेब."

"मग?"

"आत जातो त्याचे वळवतो मी."

"मी आत्ताच आतून आलो!"

फकीर हसला. दात नव्हते, तरी हसणं चांगलं होतं.

वरदला राग आला. अर्धा हिंदुस्थान त्यानं एकट्यानं पालथा घातला होता. आजच सकाळपासून किल्ला झाला, मदरसा झाला, अष्टूरचे घुमट झाले. डावा बूट दुपारपासून चुईं चुईं वाजत होता, तरी गडी थांबला नव्हता. आणि हा म्हणतो, आत गेलाच नाहीस!

त्यानं मोबाईल काढून फोटो पुढं केला. "हा घ्या पुरावा."

फकीरानं मोबाईल लांब धरला, जवळ धरला, तिरका केला.

"कबर दिसते," तो म्हणाला.

"दिसणारच. मकबरा आहे."

"आत गेलेल्याला कबर दिसत नाही, साहेब."

"मग काय दिसतं?"

फकीरानं सँडलच्या टाचेतला खडा काढला आणि निवांतपणे फेकून दिला...

तेवढ्यात मोबाईल वाजला. 'आई'. वरदनं फोन कापला. आई निघताना एकच वाक्य बोलायची, 'गेलास तस्साच परत ये रे बाबा,' आणि मग दिवसभर फोन करायची. वरद दिवसभर कापायचा. दोघांना सवय झाली होती.

"उचला की," फकीर म्हणाला. "म्हातारी असेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"एवढ्या वेळा दुसरं कोण करतंय?"

गुलबर्ग्याचं कुटुंब बाहेर आलं, चपलांत पाय सरकवून बोलत बोलत निघून गेलं. मग वाटेवर कुणी उरलं नाही. ऊन उतरलं होतं.

आणि तेव्हा वरदला भिंतीकडेची ती रांग दिसली.

जोडेच जोडे. लष्करी बूट, बायकांच्या सपाता, एक फॅशनच्या टाचांचा जोड, एक लाल मोजडीची जोडी. सगळ्यांची तोंडं दाराकडं. एका बुटात गवत उगवलं होतं आणि गवताला फूल आलं होतं.

"हे कुणाचे?"

"आत राहिलेत त्यांचे."

"आत कुणी नाही, चाचा. मी बघून आलो."

"भेटले नसतील."

वरद खोखो हसला. एकटाच हसला, त्यामुळं लवकर थांबला.

"ठीक आहे. पुन्हा जातो. पण बाहेर आलो की माझे बूट तुम्ही वळवलेले पाहिजेत. तुमच्या हातानं. कबूल?"

"कबूल. पण मोबाईल नको. पिशवीपण नको."

"का?"

"त्याला लागतील."

"कुणाला?"

फकीरानं दाराकडं बोट केलं. बोट वरदकडंही होतं, दाराकडंही. वरद बरोबर मध्ये उभा होता.

हरणं हा प्रकार त्याला माहीत नव्हता. पाठपिशवी त्यानं बुटांशेजारी ठेवली, मोबाईल वरच्या कप्प्यात टाकला आणि आत शिरला.

आत गारवा होता. मघाशीही होता, पण मघाशी तो फोटो काढत होता. आता हातांना काही काम नव्हतं. त्यानं ते खिशात घातले. काढले. परत घातले.

कबर होती की समोर! हिरवी चादर, कोपऱ्यात उदबत्तीची राख. 'चाचा थापाड्या आहे,' तो मनाशी म्हणाला, आणि ते त्यालाच घुमटात ऐकू आलं. तोंड तर मिटलेलं होतं.

त्यानं डोळे बारीक केले. अंधार वाढत होता का डोळे कमी होत होते, कळेना. चादरीचा हिरवा रंग गेला. मग चादर गेली. मग...

चुईं.

वरद दचकला.

चुईं... चुईं...

डावा पाय. कबर असायला हवी होती तिथून कुणीतरी त्याचे बूट घालून चालत होतं. आत जोडे चालत नाहीत, हा पहिला विचार त्याच्या मनात आला. माणूस घाबरला की नियम आठवतात.

"कोण आहे?"

पावलं थांबली. कुणीतरी घसा खाकरला. खाकरणं ओळखीचं होतं, सकाळी लॉजच्या बाथरूममध्ये ऐकलं होतं. स्वतःचंच.

मग पावलं त्याच्या अंगावरून, अगदी बाही घासून, दाराकडं गेली. दारातला उजेड क्षणभर झाकला आणि पुन्हा उघडला.

वरद धावला. भिंतीला धडकला, दुसऱ्या भिंतीला धडकला, शेवटी अनवाणी पायरीवर येऊन पडला.

बूट नव्हते. पिशवी नव्हती.

फकीर हात झटकत होता.

"माझे बूट कुठायत?"

"वळवले ना. कबूल केलं होतं."

"मग गेले कुठं?"

"आत्ताच घालून गेलात तुम्ही. शुक्रिया म्हणालात. चांगला माणूस वाटलात, खरं सांगतो."

वरदनं वाटेकडं बघितलं. तुरीच्या शेतांमधून एक माणूस फाट्याकडं चालला होता. वरदच्या अंगावर होतं तसंच निळं जाकीट, पाठीवर त्याचीच पिशवी, मानेवर डाव्या बाजूला झुकलेलं डोकं. शांत हवेत त्याचा डावा बूट ऐकू येत होता.

तेवढ्यात मोबाईल वाजला. त्या माणसानं पहिल्याच रिंगला उचलला.

"हो आई... निघालो ना. हो, जेवलो. नाही गं, आता नाही कापणार. गेलो तस्साच येतोय."

आवाज वरदचा होता. थोडा मायाळू होता, एवढाच फरक.

वरदच्या घशाशी हाक आली. पण पाय उचलेना. त्यानं खाली बघितलं. पावलं धुळीनं माखली होती आणि धूळ आजची वाटत नव्हती.

"चाचा... तो घरी चाललाय."

"हो."

"आईला कळेल?"

"फोन उचलला म्हणून रडेल थोडी."

"आणि मी?"

फकीर गुडघ्यावर हात टेकून उठला. भिंतीकडच्या रांगेतून त्यानं ती लाल मोजडी घेतली. उलटी करून आपटली. एक विंचू पडला, आपल्या वाटेनं निघून गेला. मग फडक्यानं मोजडी पुसली, वरदच्या पायांपुढं ठेवली आणि तोंडं रस्त्याकडं केली.

"घाला."

"ही माझी नाही."

"घालून तर बघा."

वरदनं पाय सरकवला. मोजडी आतून कोमट होती. करंगळीपाशी चामडं फुगलेलं होतं आणि वरदची करंगळी नेमकी तिथं जाऊन बसली. लहानपणापासून वाकडी करंगळी. तिच्यापायी त्यानं कितीतरी दुकानदारांशी भांडणं काढली होती.

त्यानं फकीराकडं बघितलं.

वाटेवरचा माणूस वळणाशी पोहोचत आला होता. अजून हाकेच्या टप्प्यात होता.

वरदनं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं...

फकीरानं हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नका मारू हाक, साहेब. मागच्या वेळी मारली होतीत."